स्वस्त चष्मा घेणारे म्हणे डोळ्यांशी खेळतात!

सातपूरकर:
काल इथे एकाने लिहिलं की हजाराच्या आत ऑनलाइन चष्मा मागवणारे डोळ्यांशी खेळतात, नीट चष्मा हवा तर कॉलेज रोडला चार हजार मोजावेच लागतात. डोकंच फिरलं वाचून. अंबडला कंपनीत कामाला आहे मी, घरात चार चष्मे, धाकट्याचा नंबर दरवर्षी वाढतोय, आणायचे कुठून एवढे? माझा मायनस दीड, सिलिंडर म्हणजे तिरका नंबर नाही, ९०० रुपयांत घरपोच आला, दोन वर्षं झाली, काही त्रास नाही. पैसे फ्रेमवरच्या नावाचे जातात.

मेनरोडचा चष्मेवाला:
मायनस दीडला चालून जातं हो, मायनस सहाला करून बघा. काचेचा मध्य बुबुळासमोर यायला लागतो. दोन मिलिमीटर सरकला तर तुम्हाला कळणारही नाही, पण सहाच्या नंबरला एका डोळ्याला एक प्रिझमच्या वर (प्रिझम हे ओढीचं माप) ओढ बसते, डोकं धरतं. प्रोग्रेसिव्हला, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत असतं त्याला, तर फ्रेम तोंडावर घालूनच उंचीची खूण करावी लागते. आणि नोजपॅड तुटला की येतात आमच्याकडेच, फुकट लावून द्या म्हणून.

पंचवटीची आई:
मग पीडी, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर, लिहून का देत नाही तुम्ही लोक? लेकीची तपासणी केली, २०० रुपये दिले, कागदावर नंबर आहे पण पीडी नाही. मागितली तर म्हणे चष्मा इथूनच घ्या. घरी पट्टी लावून तीनदा मोजली, तीनदा वेगळी आली.

मेनरोडचा चष्मेवाला:
ताई, माप आमचं, चष्मा दुसऱ्याचा, आणि बिघडला की शिव्या आम्हाला. का द्यायची?

पंचवटीची आई:
माझ्या पोरीच्या दोन बुबुळांमधलं अंतर तुमच्या मालकीचं कधीपासून झालं? पैसे भरलेत मी!

देवळालीकर:
ते पीडी राहू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावर जीएसटी ५ टक्के झालाय, माझ्या दुकानदाराने भाव एक रुपयाही उतरवला नाही. वर स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारी ब्ल्यूकट काच गळ्यात मारली. मी पेन्शनर माणूस, कुठला कॉम्प्युटर बघतो?

नाशिकरोडच्या बाई:
शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली एक मुलगी वर्षभर शेजारणीच्या वहीतून उतरवत होती, फळाच दिसत नव्हता. वडील म्हणाले पुढच्या महिन्यात बघू, असे सहा महिने गेले. अंधत्व नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमात शाळेतल्या मुलांना चष्मा फुकट मिळतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. स्वस्तातला की भारीतला हा वाद नंतर घाला, चार हजार ऐकून लोक चष्माच करत नाहीत.

सातपूरकर:
बाई, हेच म्हणतोय मी. बाकी प्रोग्रेसिव्हचं मान्य, बायकोचा ऑनलाइन मागवला होता, जिना उतरताना पायऱ्या हलायच्या, परत केला. तेवढ्यापुरतं दुकानदाराचं बरोबर. पण साध्या नंबरला नाही म्हणजे नाही.

मेनरोडचा चष्मेवाला:
बरं, पीडी देईन. मोजायचे ५० घेईन, आणि दुसरीकडे बनवलेल्या चष्म्याची तक्रार ऐकणार नाही.

पंचवटीची आई:
देते ५०. पण सहीशिक्क्यासकट कागदावर लिहून पाहिजे.