डेंग्यूवर वनस्पतीच्या अर्काची चाचणी: एमटीटी आणि प्लाक जुळत नाहीत, पुढे पीएच.डी.चंही विचारायचंय

सूक्ष्म_सीताबर्डी:

नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी, शेवटचं वर्ष, नागपूर. प्रकल्प असा: अडुळशाच्या पानांचा मिथेनॉल अर्क, डेंग्यू-२ व्हायरस, व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडाच्या). अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवतो. २४ तासांच्या एमटीटीत (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) मिलीलिटरला २०० मायक्रोग्रॅमपर्यंत पेशी ठीक दिसतात. व्हायरस आणि अर्क सोबत टाकले की प्लाक, म्हणजे व्हायरसनं पेशींच्या थरात पाडलेली भोकं, निम्मे होतात, पण संसर्ग झाल्यावर अर्क टाकला तर काहीच फरक दिसून नाही राहिला. त्यात एकाच डायल्यूशनच्या दोन वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यांत) एकीकडे २० प्लाक, दुसरीकडे ६०, आणि कडा फिसकटलेल्या. यातलं काय खरं धरायचं? दुसरं म्हणजे, पुढे अँटिव्हायरलवरच संशोधन करायचं आहे. नागपुरातून सुरुवात कशी करावी?

व्हेरो_वाले_काका:

आधी विषारीपणा. डेंग्यूचे प्लाक यायला ५ ते ७ दिवस लागतात, म्हणजे पेशी तितके दिवस अर्कात बसणार. मग २४ तासांचा सीसी-५० (निम्म्या पेशी मारणारी मात्रा) तिथे कामाचा नाही. पेशींची दाटी, सीरमचं प्रमाण, दिवस, सगळं प्लाक चाचणीसारखंच ठेवून सीसी-५० पुन्हा काढा. तीच मात्रा पाचव्या दिवशी पेशी अर्ध्या करत असेल, तर कमी झालेले प्लाक म्हणजे आजारी पेशींत व्हायरस वाढला नाही, एवढाच अर्थ. चाचणीसाठी ९० टक्क्यांहून जास्त पेशी जगतात त्याच मात्रा वापरा. डीएमएसओ शेवटी ०.५ टक्क्याच्या आत, आणि कंट्रोलसकट प्रत्येक वेलमध्ये नेमका तेवढाच.

एमटीटीतला दुसरा धोका अर्कातच आहे. पॉलिफिनॉल पेशी नसतानाही एमटीटीचा जांभळा फॉर्माझान करतात, त्यामुळे मेलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात. प्रत्येक मात्रेला पेशीविना एक वेल ठेवा, आणि एमटीटी टाकण्याआधी पीबीएसनं (मिठाच्या बफर द्रावणानं) दोनदा धुवा. तरीही शंका राहिली तर ट्रिपॅन ब्लूनं थेट मोजणी करा.

आता 'निम्मे प्लाक'. ५० टक्के घट म्हणजे जेमतेम ०.३ लॉग (१ लॉग म्हणजे दहापट). नीट केलेल्या टायट्रेशनमध्येही (व्हायरसच्या मोजणीत) इतका फरक आपोआप पडतो. दावा करायचा तर निदान १ लॉग, म्हणजे ९० टक्के घट हवी, तीही मात्रा वाढवली की वाढणारी, आणि वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तीन प्रयोगांत. सीसी-५० भागिले ईसी-५० (व्हायरस निम्मा करणारी मात्रा) हा सिलेक्टिव्हिटी इंडेक्स १०च्या वर असेल तर पुढे जाण्यात अर्थ, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे.

सोबत टाकल्यावर परिणाम आणि नंतर टाकल्यावर शून्य, यातच तुमचं उत्तर दडलेलं दिसतं. टॅनिनसारखी संयुगं व्हायरसच्या बाहेरच्या प्रथिनांना चिकटतात. सीरममधल्या अल्ब्युमिनलाही चिकटतात. तपासायचं असेल तर व्हायरस आणि अर्क ३७ अंशांवर तासभर एकत्र ठेवा, मग १०० पट पातळ करून पेशींवर टाका, म्हणजे उरलेला अर्क निष्प्रभ मात्रेत जातो. तरी प्लाक कमी आले तर अर्कानं व्हायरसच निकामी केला. निरीक्षण म्हणून ते चांगलं आहे, पण त्याला औषध म्हणू नका. डेंग्यूचा रुग्ण ताप आल्यावर येतो, तेव्हा व्हायरस पेशींत शिरून वाढतही असतो. म्हणून माझ्या मते संसर्गानंतरचा प्रयोग हाच प्रकल्पाचा कणा. तिथे शून्य आलं तर शून्य लिहा; तो निकालही पक्का आणि उपयोगाचा आहे.

प्लाक_मोजणारी:

काकांनी पेशींचं सांगितलं, मी प्लेटचं सांगते. सरासरी ४० प्लाक असतील तर निव्वळ योगायोगानं ६-७चा फरक पडतो. २० आणि ६० योगायोगानं येत नाहीत, कुठेतरी हात चुकतोय. दहापटीच्या डायल्यूशनमध्ये प्रत्येक पायरीला टिप बदलता का? न बदलल्यास टिपेला चिकटलेला दाट व्हायरस पुढच्या नळीत जातो. डायल्यूशनच्या मीडियममध्ये २ टक्के सीरम असावं, सगळ्या नळ्या बर्फात. डेंग्यू व्हायरस ३७ अंशांवर काही तासांतच क्षीण होतो. मीडियम पिवळं पडू देऊ नका, आम्लात त्याच्या आवरणाचं प्रथिन रूप बदलतं आणि संसर्गाची ताकद जाते. साठा २० टक्के सीरममध्ये, लहान लहान नळ्यांत, उणे ८० अंशांवर. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका.

सहा वेलची प्लेट धरा. आदल्या दिवशी प्रत्येक वेलमध्ये सुमारे ५ लाख पेशी, दुसऱ्या दिवशी थर अखंड भरलेला हवा. ०.२ मिलि व्हायरस, ३७ अंशांवर १ तास, दर १०-१५ मिनिटांनी प्लेट पुढेमागे आणि आडवी झुलवा. गोल फिरवलीत तर व्हायरस कडेला जमतो आणि मधला थर सुकतो. मग द्रव काढून कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे सीएमसी, घातलेलं मीडियम ३ मिलि. सीएमसी शेवटी १ टक्का येईल असं: पाण्यात २ टक्के करून ऑटोक्लेव्ह करा, रात्रभर ४ अंशांवर ढवळत ठेवा, मग दुप्पट तीव्रतेच्या मीडियममध्ये समसमान मिसळा. गुठळ्या राहिल्या की तिथे हा वरचा थर (ओव्हरले) पातळ पडतो आणि प्लाक धूमकेतूसारखे ओघळतात. फिसकटलेल्या कडांचं दुसरं कारण म्हणजे 'आले का बघू' म्हणून तिसऱ्या दिवशी प्लेट बाहेर काढणं. सीएमसी गोठत नाही, प्लेट हलली की व्हायरस पसरतो. ठेवल्यावर हात लावू नका.

शेवटी १० टक्के फॉर्मलिननं तासभर फिक्स, २० टक्के इथेनॉलमधल्या १ टक्का क्रिस्टल व्हायोलेटनं रंग. २० ते १०० प्लाक असलेलीच वेल मोजा. उदाहरण: दहाचा उणे चौथा घात, दोन वेलमध्ये ४२ आणि ३८, सरासरी ४०, भागिले ०.२ मिलि, गुणिले १०,०००, म्हणजे मिलीलिटरला २० लाख पीएफयू (प्लाक पाडणारे व्हायरस कण).

आणि नागपूरचा उन्हाळा विसरू नका! साध्या कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटरला थंड करायची सोय नसते. ३७ अंश टिकवायला खोली त्याहून निदान ५ अंशांनी थंड लागते. मे महिन्यात रात्री एसी बंद झाला की आतलं तापमान ३९-४० वर जातं आणि प्लाक बारीक येतात किंवा येतच नाहीत. आत कमाल-किमान तापमान नोंदवणारा वेगळा थर्मामीटर ठेवा, दारावरच्या आकड्यावर भिस्त नको. पाण्याचा ट्रे रोज बघा. कोरड्या हवेत ९६ वेलच्या प्लेटच्या कडेच्या वेल आटतात, म्हणून त्यांत नुसतं पीबीएस भरा आणि आतल्या ६० वेलच वापरा.

दक्षिण_अंबाझरी:

पेशींच्या निवडीबद्दल एक भर. व्हेरो पेशी टाइप-१ इंटरफेरॉन (व्हायरसविरुद्ध पेशी सोडतात ते प्रथिन) तयार करूच शकत नाहीत. म्हणून व्हायरस त्यांत मस्त वाढतो, पण प्रतिकारशक्ती जागवून काम करणारं संयुग तिथे निरुपयोगी दिसेल. जमलं तर मानवी ए-५४९ (फुफ्फुस) किंवा हूह-७ (यकृत) पेशींमध्ये एकदा पडताळा. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे नक्की चालणारं औषध, म्हणून रिबाविरिन बरेच जण ठेवतात. व्हेरोत ते फार कमजोर चालतं, मायकोफेनॉलिक ॲसिड ठेवा. पेशी कुठल्या यावर किती अवलंबून असतं, त्याचं मोठं उदाहरण बालापिराविरचं आहे. प्रयोगशाळेत डेंग्यूवर चांगलं दिसलेलं हे औषध व्हिएतनाममधल्या रुग्णांत व्हायरस कमी करू शकलं नाही. पुढे याचं एक कारण असं मांडलं गेलं की, डेंग्यूनं चाळवलेल्या रक्तपेशींत औषधाचं कार्यक्षम रूपात रूपांतरच नीट होत नाही.

आता वाटेचं. अँटिव्हायरलमध्ये नाव काढायचं तर 'अमुक अर्क चालतो' याच्या पुढे, 'कशावर चालतो' इथे जावं लागतं. त्याची जुनी आणि अजूनही भक्कम रीत म्हणजे औषधाची मात्रा हळूहळू वाढवत व्हायरसच्या १०-१५ पिढ्या वाढवायच्या, दाद न देणारा व्हायरस निघाला की जीनोम वाचायचा, आणि सापडलेला बदल मूळ व्हायरसमध्ये घालून तोच कारण आहे का, हे पाहायचं. पीएच.डी.साठी प्रयोगशाळा निवडताना तिथे हे होतं का, ते आधी विचारा.

प्रवेशासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा द्या; आयसीएमआरची जेआरएफ आणि डीबीटीची बीईटी यंदा होत असतील तर त्याही. जेआरएफ ही संशोधनवृत्ती जानेवारी २०२३ च्या दरानं महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी तिची एसआरएफ होऊन ४२,०००. पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था), फरिदाबादची टीएचएसटीआय, दिल्लीची आयसीजीईबी, तिरुवनंतपुरमची इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड व्हायरॉलॉजी बघा. प्राण्यांच्या व्हायरसकडे ओढ असेल तर भोपाळची निषाद ही संस्था आपल्याला जवळ. नागपुरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या व्हायरस प्रयोगशाळांत मुख्यतः निदानाचं काम चालतं, पीसीआर आणि एलायझा. तिथलं एक वर्ष जैवसुरक्षेची शिस्त लावतं, पण ते संशोधनाचा पर्याय नव्हे.

विषय आपल्या दारातच आहे हेही सांगतो. चांदीपुरा व्हायरस १९६५ मध्ये नागपूरजवळच्या त्याच नावाच्या गावात, डेंग्यू-चिकनगुनियाच्या साथीत तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून वेगळा केला गेला. २००३ मध्ये आंध्रात ३२९ बाधित मुलांपैकी १८३ दगावली. वाळूमाशीतून पसरतो, मूल एक-दोन दिवसांत जातं, आणि आजही त्यावर मंजूर औषध नाही. इतक्या वेगवान आजारात संसर्गानंतर किती तासांपर्यंत औषध उपयोगी पडतं, हाच मुख्य प्रश्न. विदर्भातल्या मुला-मुलींनी हा विषय हाती घ्यावा असं मनापासून वाटतं.

सूक्ष्म_सीताबर्डी:

सगळ्यांचे खूप आभार. हाती तीन महिने आहेत आणि प्लेट मोजक्या. आधी काय करू?

प्लाक_मोजणारी:

पहिल्या आठवड्यात पेशींची मायकोप्लाझ्मासाठी (कल्चरमध्ये लपून वाढणारा जीवाणू) पीसीआर. ते निघालं तर पेशी टाकून राष्ट्रीय पेशीसंग्रहातून, पुण्याच्या एनसीसीएसकडून, नव्या मागवा. फ्लास्क मीडियमनं गळ्यापर्यंत भरलेला येईल असं पाहा, आणि मे महिन्यात मागवू नका. मग व्हायरसचं टायट्रेशन, लागोपाठ दोनदा अर्ध्या लॉगच्या आत जुळेपर्यंत. ते जुळल्याशिवाय अर्काची बाटली उघडायचीच नाही. त्यानंतर पाच दिवसांचा सीसी-५०, आणि उरलेल्या सगळ्या प्लेट संसर्गानंतरच्या प्रयोगाला: तीन मात्रा, डीएमएसओ कंट्रोल, मायकोफेनॉलिक ॲसिड, प्रत्येकी तीन वेल. सोबत टाकण्याचा प्रयोग प्लेट उरल्या तरच.