नवीन पॅड टाकल्यापासून उजवं पुढचं चाक तापतंय, शिवाय चीं आवाज. पॅडच खराब निघाले का?

चौथागिअर
पेट्रोल हॅचबॅक, ६२,००० किमी, पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचे पॅड ३ मिमीवर आले म्हणून चारही बदलले, डिस्क जुन्याच ठेवल्या. ४०० किमी झाले. आता दोन त्रास आहेत. गाडी थांबता थांबता, शेवटच्या १०-१५ च्या स्पीडला, चीं करून आवाज येतो. आणि हायवेला अर्धा तास चालवली की उजव्या पुढच्या चाकाला करपल्याचा वास येतो, रिमजवळ हात नेला तर झळ लागते. डावं नुसतं कोमट. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी किंचित उजवीकडे जाते. गॅरेजमध्ये म्हणाले, "हजार किलोमीटर चालवा, घासून बसतील." जुन्या पॅडला यातलं काही नव्हतं.

पाना१२-१३
आवाज घासून बसेल कदाचित, तापणं नाही बसणार. एकच चाक तापतंय म्हणजे ब्रेक सुटत नाहीये. तोवर गाडी फिरवू नका, घाटात तर अजिबातच नको. तापून तापून ब्रेक ऑइल उकळलं की पेडल थेट खाली जातं. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० लाच.

"जुन्या पॅडला नव्हतं" यातच उत्तर आहे. पॅड झिजत जातात तसा पिस्टन (पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या) बाहेर येत जातो. नवीन जाड पॅड बसवायला तो परत आत दाबावा लागतो, आणि इतके दिवस बाहेर राहून गंजलेला, माती बसलेला भाग सीलखाली जातो. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर बसणारा पिस्टनवाला भाग, तोही पिनांवर सरकून नव्या जागी येतो, जिथे ग्रीस वाळलेलं असतं. दोष जुनाच असतो, नवीन पॅड फक्त तो उघडा पाडतात.

तपासणी अशी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढून जॅक लावून खाली स्टँड द्या. चाक हाताने फिरवा. दुसऱ्याला पेडल जोरात दाबून सोडायला सांगा, लगेच परत फिरवा. पॅड हलकेच घासल्याचा आवाज आला तरी चालेल, पण एका हाताने फिरलं पाहिजे. जाम असेल तर निपलला (कॅलिपरवरचा ऑइल-हवा काढायचा स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडा आणि निपल पाव फेरा ढिलं करा.
ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर प्रेशर अडकतंय. एकाच चाकाला असेल तर रबरी होज: आतला थर फुगून झडपेसारखा होतो, ऑइल जातं पण परत येत नाही. दोन्ही पुढची चाकं तशी असतील तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने ऑइल दाबणारा पंप.
निपल उघडूनही जाम, तर पिन, पिस्टन किंवा ब्रॅकेटमध्ये अडकलेला पॅड.
निपल बंद करेपर्यंत पेडल सोडलेलंच राहू द्या, नाहीतर हवा आत जाईल.

चौथागिअर
केलं. उजवं चाक पेडल सोडल्यावर दोन्ही हातांनी जेमतेम फिरतं. निपल उघडलं, दोन थेंब आले, फरक शून्य. कॅलिपर उचलून बघितला: वरची पिन बोटाने सरकते, खालची पकडीने पिळली तरच हलते. तिच्यावर काळं, चिकट, डांबरासारखं काहीतरी आहे आणि तिच्या टोकावर चढवलेली रबरी नळी फुगलेली दिसते.

डिस्कड्रम
सापडला चोर. ते काळं म्हणजे साधं बेअरिंग ग्रीस असणार. खनिज तेलाच्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं आणि पिन भोकात पाचरीसारखी बसते. पुसून तेच रबर परत लावू नका. पिन आणि बूटचं (रबरी टोपणाचं) किट मिळतं, ते घ्या. भोक ब्रेक क्लीनरने आणि गोल ब्रशने साफ करा, पेट्रोल-डिझेल वापरू नका. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ थर देऊन लावा. भोक ठासून भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते. रबरी नळीवाली पिन वर की खाली हे गाडीप्रमाणे बदलतं. डावी बाजू उघडून ताडून बघा, अदलाबदल झाली तरी असाच जाम होतो.

उघडलंच आहे तर दोन गोष्टी अजून. स्टीलच्या क्लिपा काढून त्यांच्याखालचा ब्रॅकेट बघा. तिथे गंजाची पापडी धरली की क्लिप वर उचलली जाते आणि पॅडचे कान (दोन्ही टोकं) घट्ट बसतात. तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करा. पॅड बोटांनी आत-बाहेर सरकला पाहिजे, हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर चुकतंय. आणि पिस्टन जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने हळू दाबा. त्याआधी टाकीतलं ऑइल थोडं उपसा, वर आलं की सांडतं आणि गाडीचा रंग खातं. पिस्टन तिरका जात असेल, मध्येच अडत असेल किंवा बूट फाटलेला असेल तर पिनांवर भागणार नाही, कॅलिपर किट लागेल.

कोकणगाडी
आवाजाबद्दल. उजवे पॅड तापून काचेसारखे चकचकीत झाले असतील. ८० नंबरचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून त्यावर घासा, चकाकी जाईपर्यंतच. चिरा दिसल्या किंवा कडा सुटायला लागल्या असतील तर दोन्ही बाजूंचा सेट नवीन. ग्रीस किंवा ऑइल लागलेला पॅड घासून सुधारत नाही, तो फेकायचाच.
मग पॅडच्या पाठीवरच्या पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, बघा. नवीन सेटमध्ये नसतील तर जुन्या लावायच्या असतात, आणि घाईत नेमक्या त्याच कचऱ्यात जातात. डिस्कच्या कडेला नख अडेल एवढी धार आली असेल तर पॅड तिच्यावर चढतो. टर्निंग मारण्याआधी (लेथवर डिस्क सपाट करण्याआधी) डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचा. मारल्यावर त्याखाली जाणार असेल तर नवीन डिस्क, जोडीनेच.
पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येते, तो डिस्कवरचा गंज. त्याच्यासाठी काही खोलू नका.

चौथागिअर
पॅडच्या पाठीला तांब्याचं ग्रीस चालेल का? आणि "घासून बसवायचे" म्हणजे नेमकं काय करायचं?

पाना१२-१३
पाठीला आणि कानांना सिरॅमिकचं लावा, बोटाने पुसल्याएवढंच. तांब्याचं काही लोक लावतात, पण ते पिनांवर नको, रबराजवळही नको.
चाक बसवल्यावर गाडी सुरू करून पेडल घट्ट होईपर्यंत जागेवरच पंप करा. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही. ऑइलची पातळी बघा. नट फुलीत आवळा, टॉर्क मॅन्युअलमधला.
मग मोकळा, सपाट रस्ता बघा. ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही. दर वेळी मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर नुसतं चालवायचं. असे आठ-दहा वेळा. नंतर दहा मिनिटं ब्रेक न वापरता थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो, आणि पुढे पेडल थरथरायला लागतं.
परत आल्यावर दोन्ही रिमजवळ हात नेऊन बघा. उजवीकडे अजून जास्त झळ असेल तर पिस्टन बाहेर काढावा लागेल.