कुत्र्याची फाडफाड आणि खाऊचे उद्योग : तुमच्या घरचा अनुभव सांगा

आमचा खंडू गावठी. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात इमारतीच्या पंपरूममध्ये सापडला, तेव्हा दीडेक महिन्याचा असेल. गोरेगावात वन बीएचके, आम्ही दोघंही नोकरीवाले, नऊ-साडेनऊ तास घर बंद. चौथ्या महिन्यात त्याने बाथरूमच्या दाराची चौकट कुरतडली. डॉक्टर म्हणाले, दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के दात येतायत, हिरड्या शिवशिवतात, सातव्या महिन्यापर्यंत कमी होईल. थोडं कमी झालंही. पण दहाव्या महिन्यात सोफ्याचा हात, दोन चार्जर आणि सासूबाईंची कोल्हापुरी गेली, तेव्हा कळलं की आता प्रश्न दातांचा राहिलेला नाही.

एका रविवारी मी घड्याळ लावून पाहिलं. सकाळची वाटी त्याने पन्नास सेकंदांत चाटूनपुसून साफ केली. त्यानंतर रात्रीपर्यंत त्याला उद्योग म्हणून काहीच नव्हता. खालच्या गल्लीतली कुत्री पहाटेपासून हुंगत फिरतात, मासळीवालीच्या पाटीपाशी जाऊन बसतात, कचऱ्याच्या पिशव्या फाडतात. त्यांचा अख्खा दिवस पोटामागे जातो. तेच नाक, तोच जबडा आमच्याकडे चार भिंतींत रिकामा बसून होता.

त्या रात्री वाटी दिलीच नाही. जुना पंचा जमिनीवर पसरला, किबल (कुत्र्याचं कोरडं, दाणेदार खाणं) त्यावर भुरभुरवलं, गुंडाळी केली आणि सैल गाठ मारली. आधी त्याने माझ्याकडे पाहिलं. मग नाकाने गुंडाळीची कड उचलली, पुढचा पाय तिच्यावर रोवला आणि पुढच्या दातांच्या टोकांनी घडी ओढली. प्रत्येक दाण्याआधी फूं फूं असा श्वास, दाणा सापडला की क्षणभर शेपूट थांबायची. अठरा मिनिटं चाललं हे. नंतर पाणी प्यायला, उंबऱ्यापाशी आडवा झाला आणि घोरायला लागला. पहिले काही दिवस मी शेजारी बसून राहिले, कारण पंचाच खाणारी कुत्रीही असतात.

तुम्ही काय केलंत ते लिहा. काय फसलं तेही लिहा, आणि कुत्रं तेव्हा किती महिन्यांचं होतं हे जरूर सांगा.

गिरगाव

आमची चाळ. एका मजल्यावर अकरा बिऱ्हाडं, सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. आमची लॅब्रेडॉर राणी आठ महिन्यांची असताना चार घरांच्या चपला आम्हाला भरून द्याव्या लागल्या. लोक चांगले आहेत, पण चौथ्या वेळी शेजारच्या काकूंचा चेहरा बघवेना.

इलाज स्वयंपाकघरात मिळाला. घरात जुनं बिडाचं अप्पेपात्र पडून होतं. त्याच्या खळग्यांत राणीचं जेवण वाटून घातलं आणि प्रत्येक खळग्यावर टेनिसचा चेंडू ठेवला. चेंडू उचलायचा, बाजूला टाकायचा, मग खायचं. पहिल्या दिवशी दोनच चेंडू ठेवले होते, आता सगळे. सकाळी पाणी भरायच्या गडबडीत, सगळ्यांची दारं उघडी असतात, तेव्हाच हे तिच्यापुढे ठेवतो. गेल्या दिवाळीपासून एकही चप्पल गेलेली नाही. चेंडू मात्र काम झालं की लगेच उचलायचे. लॅब्रेडॉर ते फोडून गिळू शकते.

अंधेरी

रबरी पोकळ खेळणं, ज्याला सगळेच काँग म्हणतात, त्याबद्दल. त्याची गोष्ट मला फार आवडते. १९७०च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा जर्मन शेफर्ड फ्रिट्झ दगड चावून दात झिजवत होता. मार्कहॅम गाडी दुरुस्त करत असताना फोक्सवॅगन व्हॅनच्या सस्पेन्शनचा एक रबरी भाग कुत्र्याने उचलला आणि दगड सोडून तोच चावत बसला. आजच्या खेळण्याचा आकार त्या तुकड्यावरून आलाय.

माझी चूक सांगतो. पहिल्याच दिवशी मी ते दह्याने भरून दगडासारखं गोठवून दिलं. ब्रूनोने (तेव्हा १४ महिन्यांचा) दोनदा चाटलं आणि टीव्हीचा रिमोट खाल्ला. त्याला वाटलं, यातून काही मिळत नाही. मग पहिला आठवडा नुसतं किबल, हलवलं की बाहेर पडणारं. दुसऱ्या आठवड्यात भिजवलेलं किबल आणि दही. तिसऱ्यापासून उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा कुस्करून, तोंडाशी भाकरीच्या तुकड्याचं बूच लावून, रात्रभर फ्रीजरमध्ये. मे महिन्याच्या उकाड्यात यासारखं दुसरं काही नाही, पाऊण तास चाटत बसतो. खेळणं त्याच्या तोंडात आख्खं मावणार नाही एवढं मोठं घ्या. बाटलीच्या ब्रशने रोज आतून घासा, पावसाळ्यात एका रात्रीत आंबूस वास येतो.

मुलुंड

बीगल, दोन वर्षांची. फाडफाड थांबली पण चार महिन्यांत वजन दीड किलोने वाढलं, कारण वाटी तशीच चालू होती आणि वर हे सगळं. डॉक्टरांनी समजावलं की वरचा खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये, बाकीचं सगळं जेवणातूनच द्यायचं. आता सकाळीच दिवसभराचं माप स्टीलच्या डब्यात काढते. पंचा, चेंडू, काँग, जे काही भरायचं ते त्या डब्यातून. डबा संपला की दिवस संपला.

सांताक्रूझ

मी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून एक भर. १९६३ साली ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की समोर फुकटच्या दाण्यांची वाटी असतानाही बरेच उंदीर कळ दाबून मिळणारा दाणा पसंत करतात. पुढे तसं इतर अनेक प्राण्यांतही दिसलं. कुत्र्यांत हे तितकं ठळक नाही, म्हणून कोडं आधी सोपंच हवं. वर रिमोटचा अनुभव लिहिलाय, त्याचं कारण नेमकं हेच.

माहीम, कोळीवाडा

आमच्याकडे पैसे घालून काही आणलं नाही. सुका जवळा दोन पाण्यांतून धुवायचा, खारटपणा गेला पाहिजे, मग परत कडकडीत वाळवायचा. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्यायचा, चिमूटभर जवळा त्यात टाकायचा, वर कागदाचे बोळे. आमचा काळू एक वर्षाचा असताना जाळी कुरतडायचा, नायलॉनचे धागे पोटात गेले तर काय होतं ते आम्हाला माहीत होतं, म्हणून रात्रीची झोप नव्हती. आता पुठ्ठा फाडतो. फाडू दे, त्याला फाडायचंच आहे. तुकडे गिळत नाही ना एवढं बघायचं.

चेंबूर

वरचं सगळं वाचलं आणि मन भरून आलं, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तो कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

माझी टिल्ली तीन वर्षांची असताना माझ्याकडे आली, आधीच्या घराने सोडून दिलेली. मी ऑफिसला गेले की मुख्य दाराची खालची फळी ओरबाडायची. मीही काँग भरून ठेवून जायचे. संध्याकाळी परत यायचे तेव्हा ते जसंच्या तसं, वर मुंग्यांची रांग, आणि दाराला रक्त, कारण तिची नखं तुटलेली. मी आत आले की मग ती ते खायची. मला वाटायचं, हिला खेळणं आवडत नाही. तीन वेगवेगळी आणली.

शेवटी मोबाईल कॅमेरा लावून ठेवला. मी दार ओढलं, आणि दुसऱ्याच मिनिटाला ती धापा टाकत होती, लाळ गळत होती, दारापासून हलत नव्हती. समोर चिकन ठेवलं असतं तरी तिने तोंड लावलं नसतं. घाबरलेलं कुत्रं खात नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर तिची चार नखं वाचली असती. कंटाळून फाडणारं कुत्रं उशी, चपला, रिमोट, हाताला लागेल ते घेतं. भीतीने फाडणारं दाराखिडकीशीच जातं, तेही तुम्ही निघाल्यावर लगेच.

डॉक्टरांनी औषध सुरू केलं. त्यासोबत सराव: दाराबाहेर दहा सेकंद, परत आत. मग तीस सेकंद. मग लिफ्टपर्यंत. ती धापा टाकायच्या आधी परत यायचं, हे महत्त्वाचं. सात महिने लागले. त्या काळात बहीण, शेजारीण, कोणी ना कोणी तिच्याजवळ बसायचं. आता ती तीन तास एकटी राहते आणि काँग मी जिना उतरायच्या आत चाटायला घेते. ती चाटायला लागली की मी निर्धास्त होते. नाही लागली, तर त्या दिवशी जात नाही.

(गोरेगाव : चेंबूरच्या ताईंचे आभार. सगळ्यांना विनंती, आधी एक दिवस कॅमेरा लावून बघा, मग खेळण्यावर पैसे घाला.)

विलेपार्ले

काय घालू नये त्याबद्दल, कारण आपल्या घरात ते रोज असतं. बेदाणे, मनुका, द्राक्षं अजिबात नाही, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्रसादाचा शिरा म्हणूनच द्यायचा नाही. कांदा-लसूण घातलेली आमटी, भाजी, रस्सा नाही, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पीनट बटर घेताना डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्याला विष आहे. चॉकलेट तर सगळ्यांना माहीत आहेच. शिजवलेली हाडं नाहीत, त्यांच्या कपच्या निघतात.

आणि आंब्याची कोय. मागच्या मे महिन्यात आमच्या शेरूला, वय पाच, कौतुकाने चाटायला दिली. गिळली. दोन दिवस उलट्या, मग एक्सरे, मग पोट उघडून कोय काढावी लागली. टाके काढेपर्यंत घरात कुणी हापूस कापला नाही.

याकच्या दुधाची कडक काडी किंवा शिंग चघळायला देणाऱ्यांसाठी आमच्या डॉक्टरांची खूण: अंगठ्याचं नख रुतलं पाहिजे. न रुतणारी वस्तू दाढ मोडते.

मालाड

दोन कुत्री असतील तर दोन खोल्या. मध्ये दार बंद. आमच्याकडे एकाच काँगवरून कान फाटला.

दादर

मी निवृत्त आहे, आई ७९ वर्षांची, आणि आमचा गण्या, तेव्हा अकरा महिन्यांचा इंडी, म्हणजे गावठी. तो आईच्या गोधड्यांचीच वाट लावत होता. आईने तीन गोधड्या स्वतः शिवलेल्या, त्यामुळे घरात रोज कुरबूर.

मुलीने हुंगायच्या चटईचे फोटो दाखवले, बाजारातली महाग वाटली. आई म्हणाली, यात काय आहे, आण इकडे. सिंकमध्ये घालतात ती भोकांची रबरी जाळी आणली. आईने जुने टीशर्ट आणि फाटलेल्या गोधडीचा वरचा सुती पदर बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत फाडला आणि एकेक पट्टी दोन भोकांतून ओवून गाठ मारत गेली. चष्मा नाकाच्या टोकावर, गण्या तिच्या पायावर हनुवटी टेकून. नऊ दुपारी लागल्या. दाट गवतासारखी झाली, हात घातला तर बोटं दिसत नाहीत.

आता दुपारी दोन वाजता आई स्वतः मूठभर किबल आणि उकडलेल्या रताळ्याचे वाटाण्याएवढे तुकडे त्यात दडवते. बसल्या जागेवरून त्याला सांगते, "डावीकडं राहिलंय रे." गोधड्या पुन्हा पलंगावर आल्या आहेत.

एक अडचण पावसाळ्याची. रताळ्याने चटई चिकट होते, धुवावी लागते आणि जुलैत ती तीन दिवस वाळत नाही, कुबट वास मारते. म्हणून आईने दुसरी करायला घेतली आहे. पहिली सध्या पंख्याखालच्या दांडीवर आहे आणि पावसात आम्ही तिच्यात फक्त कोरडं किबल घालतो.