गाडीत राहिलेलं बाळ आणि बापाचा गुन्हा : भूल की खून?

सावनी (मूळ लेख)

१८ जून २०१४. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातली कॉब काउंटी, अटलांटाजवळची. एक बाप २२ महिन्यांच्या मुलाला घेऊन सकाळी नाश्त्याला गेला. खाऊन झाल्यावर त्याने मुलाला मागच्या सीटवरच्या खुर्चीत बांधलं, मुलाचं तोंड मागच्या बाजूला. ऑफिस तिथून मैलभराच्या आत. पाळणाघराकडे वळायचं राहून गेलं आणि गाडी थेट ऑफिसच्या पार्किंगमध्ये लागली. मूल जवळजवळ सात तास बंद गाडीत होतं. दुपारनंतर बाप गाडी घेऊन निघाला, वाटेत त्याला मागे मूल दिसलं. तोवर सगळं संपलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. २०१६ मध्ये ज्यूरीने त्याला हेतुपुरस्सर खुनाबद्दल दोषी ठरवलं आणि पॅरोलशिवाय जन्मठेप झाली. २०२२ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ही खुनाची शिक्षा रद्द केली. २०२३ मध्ये सरकारी पक्षाने पुन्हा खटला चालवणार नसल्याचं जाहीर केलं. अल्पवयीन मुलीशी अश्लील संदेशांची देवाणघेवाण केल्याबद्दल वेगळी शिक्षा झाली होती, ती भोगून तो २०२४ मध्ये सुटला. ती शिक्षा योग्यच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार खुनाच्या खटल्याबद्दल आहे. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की त्याला बायकामुलांच्या जबाबदारीतून सुटायचं होतं. ते पटवण्यासाठी त्याचे परक्या बायकांशी झालेले संवाद, फोटो, भेटीगाठी असं सगळं ज्यूरीपुढे मांडलं गेलं. मूल गाडीत होतं त्या दिवशीसुद्धा तो असले संदेश पाठवत होता. वाचून किळस येते, मलाही आली. पण न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं: हा माणूस किती वाईट आहे हे इतकं दाखवलं गेलं की त्याने मुलाला जाणूनबुजून मारलं का, हा खरा प्रश्न मागे पडला. त्याच्याशी घटस्फोट घेतलेली बायको बचाव पक्षाची साक्षीदार म्हणून उभी राहिली. नवरा म्हणून त्याने माझ्या आयुष्याची धूळधाण केली, पण मुलावर त्याचा जीव होता, असं तिने सांगितलं. ज्या बाईने मूलही गमावलं आणि संसारही, तिला हा फरक कळला. आपल्याला का कळू नये?

मूल विसरलेल्या आईबापाला तुरुंगात टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय?

रानवारा

सावनीताई, तळमळीने लिहिलं आहे, पण बल्ब गाळलेत.

त्या दिवशी दुपारी तो सहकाऱ्यांबरोबर जेवायला बाहेर गेला, येताना बल्ब विकत घेतले आणि ते ठेवायला स्वतःच्या गाडीपाशी आला. पार्किंगच्या कॅमेऱ्यात हे आहे. पुढचं दार उघडलं, बल्ब आत टाकले, दार लावलं, गेला. जूनची दुपार, आणि मूल त्याच्या सीटपासून हाताच्या अंतरावर. मला एक सांगा, आपण गाडीत काही ठेवायला जातो तेव्हा आत बघत नाही?

दुसरं. न्यायालयाने खुनाचा निकाल रद्द केला हे बरोबर, पण पुरावा अपुरा होता म्हणून नाही. दोषी ठरवण्याइतका पुरावा होता असंच न्यायालयानेही म्हटलं. चूक झाली ती त्या अश्लील मजकुराचा ढीग ज्यूरीपुढे ओतला गेला ही. आणि तीन न्यायमूर्तींना तर तोही पुरावा हेतू दाखवायला रास्त वाटला. हा धागा वाचून कुणाचा 'तो निर्दोष ठरला' असा समज होऊ नये, म्हणून लिहिलं.

सावनी

बल्ब गाळले, ही माझी चूक. पण त्या चित्रफितीवर बचाव पक्षाचं उत्तरही होतं. बल्ब टाकताना त्याचं डोकं गाडीच्या छताच्या वरच राहिलं, तो आत वाकलाच नाही. तुम्हाला त्यात क्रौर्य दिसतं, मला त्यात गाडीत कुणी आहे हे ध्यानीमनीही नसलेला माणूस दिसतो. एकच चित्रफीत, दोन अर्थ. मग संशयाचा फायदा कुणाला मिळायला हवा?

कस्तुरी

इथे कधी लिहीत नाही. आज लिहिते आहे, कारण ही वेळ माझ्यावर येता येता राहिली.

माझी मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची होती. तिला रोज नवरा पाळणाघरात सोडायचा. एका गुरुवारी त्याला लवकर निघायचं होतं म्हणून मी न्यायचं ठरलं. रात्री तिला ताप होता, झोप दोन तास झाली असेल. गाडीत बसल्या बसल्या ती झोपली. मी नेहमीच्या रस्त्याने निघाले, नेहमीचा एक्झिट घेतला, नेहमीच्या जागी गाडी लावली. इंजिन बंद केलं, पर्स उचलली. ब्रेक लावताना तिची दुधाची बाटली सीटखालून घरंगळत माझ्या पायाशी आली होती. ती चपलेला लागली. मी खाली बघितलं. निळं झाकण. आणि मग मागे बघितलं.

लोक म्हणतात, 'पोटचं मूल कसं विसरतं कुणी?' मी तिला विसरले नव्हते हो. माझ्या मनाने ती पाळणाघरात पोचलेली होती. विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं, सोडलं म्हणून.

नंतर वर्षभर मी यावर मिळेल ते वाचलं. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातले डेव्हिड डायमंड हे मेंदूशास्त्रज्ञ या घटनांचा अभ्यास करतात. त्यांचं म्हणणं असं की रोजची सवयीची कामं मेंदूचा एक भाग आपोआप उरकतो, आणि 'आज वाटेत हे वेगळं करायचंय' ही आठवण धरून ठेवायचं काम दुसऱ्या भागांचं असतं. झोप नाही, ताण आहे, रोजचा क्रम बदललेला आहे, मूल गप्प आहे, अशा वेळी सवय आठवणीवर मात करते. आणि मेंदू मधली रिकामी जागा स्वतःच भरून टाकतो. आणखी एक. १९९० च्या दशकात पुढच्या एअरबॅगमुळे लहान मुलं दगावायला लागली, म्हणून मुलांना मागच्या सीटवर, तोंड मागे करून बसवायला सांगितलं गेलं. सल्ला योग्यच होता, त्याने कितीतरी मुलं वाचली. पण मूल नजरेआड झालं, आणि विसरून झालेले मृत्यू त्यानंतर वाढले.

अविनाश_क

कस्तुरीताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मुलगी सुखरूप आहे हे फार बरं झालं. तरीही मी दुसऱ्या बाजूला उभा आहे.

मी शस्त्रक्रियागृहात काम करतो. पोट शिवण्याआधी आम्ही आतले कापसाचे बोळे मोजतो, मोठ्याने, दोघंजण. माणूस विसरतो हे आम्हाला पक्कं माहीत आहे, म्हणूनच मोजतो. मेंदू दगा देतो हे खरं असेल, तर ते कळलेल्या माणसाची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. झोप झाली नाही, क्रम बदलला आहे, मग त्या दिवशी दुप्पट सावध नको राहायला? आणि जॉर्जियातला बाप तर फोनवर होता. लक्ष कुठे द्यायचं हे त्याने निवडलं होतं. त्या निवडीची किंमत मुलाने मोजली.

या सगळ्या चर्चेत मूल कुठेच नाही, याचाही मला राग येतो. लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापतं. २२ अंशांच्या सुखद हवेतही बंद गाडी तासाभरात ४७ अंशांपर्यंत जाऊ शकते, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर खाली ठेवून काही उपयोग होत नाही. ते मूल तिथे पट्ट्यात बांधलेलं होतं. त्याची बाजू कोण मांडणार?

वैजयंती

मी इथेच, अमेरिकेत, फौजदारी वकिली करते. अविनाश, तुमच्याच उदाहरणावर बोलते. बोळा पोटात राहिला तर काय होतं? दावा लागतो, भरपाई द्यावी लागते, परवान्यावर येतं. सर्जनला खुनी म्हणून तुरुंगात पाठवत नाहीत. चूक आणि गुन्हा यांच्यामधली भिंत तुमच्या क्षेत्रासाठी आपण सगळ्यांनी मान्य केलेली आहे. ती आईबापांपाशी येऊन का कोसळते?

जॉर्जियाच्या कायद्यात गुन्हेगारी निष्काळजीपणाची व्याख्या आहे: दुसऱ्याच्या सुरक्षिततेची बेफिकिरी, तीही मुद्दाम किंवा बेदरकार म्हणावी अशी. बेफिकीर व्हायला आधी धोका ठाऊक असावा लागतो. मूल पाळणाघरात आहे अशी ज्याची खात्री आहे, तो कुठल्या धोक्याकडे काणाडोळा करतोय?

आणि शिक्षेच्या धाकाचं म्हणाल, तर जी गोष्ट आपल्याकडून कधी होणारच नाही असं प्रत्येकाला वाटतं, तिच्या शिक्षेला कोण घाबरणार? पोटच्या मुलाच्या मरणापेक्षा मोठा धाक सरकार कुठून आणणार?

खरी अडचण मला वेगळीच दिसते. २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने अशा शेकडो प्रकरणांचा आढावा घेतला होता. साधारण निम्म्यांत गुन्हा दाखल झाला, निम्म्यांत नाही. घटना सारखीच, पण काउंटी बदलली, सरकारी वकील बदलला की नशीब बदललं. व्हर्जिनियात २००८ च्या जुलैमध्ये एका बापाकडून रशियातून दत्तक घेतलेला मुलगा गाडीत राहिला आणि गेला. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला, न्यायाधीशाने त्याला निर्दोष सोडलं. रशियात संताप उसळला. २०१२ च्या अखेरीस अमेरिकनांना रशियन मुलं दत्तक देण्यावर बंदी घालणारा कायदा झाला, तो त्याच मुलाच्या नावाने ओळखला जातो. कायद्यामागे इतरही राजकारण होतं, पण एका बापाची एक सकाळ कुठवर पोचली बघा.

निशिगंध

सगळेजण 'विसरले'वरच अडकलेत. १९९८ पासून अमेरिकेत एक हजाराहून अधिक मुलं अशी गेली आहेत, वर्षाला सरासरी ३७ च्या आसपास. त्यांतली साधारण निम्मी विसरलेली. पावएक मुलं उघड्या गाडीत स्वतःच चढून अडकलेली. उरलेली मोठ्यांनी जाणूनबुजून ठेवलेली. या तिघांना एकाच तराजूत तोलणं मला मान्य नाही.

ॲरिझोनात २०२४ च्या जुलैमध्ये दोन वर्षांची मुलगी गेली. बापाने तिला झोपलेली म्हणून गाडीत ठेवलं, एसी चालू ठेवून. इंजिन ठरावीक वेळाने आपोआप बंद होतं हे त्याला माहीत होतं. मुलांना गाडीत ठेवू नकोस, असं बायको त्याला सांगत आली होती. त्याने पुढे गुन्हा कबूल केला. इथे मला काहीच शंका नाही. धोका ठाऊक होता आणि तरीही ठेवलं.

पण त्याच ॲरिझोनात २०१४ मध्ये एका आईने दोन लहानग्यांना गाडीत ठेवलं, कारण तिची नोकरीची मुलाखत होती आणि मुलांना बघायला कुणी नव्हतं. मुलं सुदैवाने वाचली. तिला अटक झाली आणि लोकांनी तिच्यासाठी लाखभर डॉलरच्या वर वर्गणी जमवली. तिनेही जाणूनच ठेवलं होतं. वैजयंतीताई, तुमच्या व्याख्येने ही बाई गुन्हेगार, आणि सात तास मूल विसरणारा सुस्थितीतला बाप निर्दोष. माझ्या मनाला हे पटत नाही.

वैजयंती

मलाही पटत नाही, निशिगंध. पण तिच्या बाबतीत कायद्याने थोडी दया दाखवायला हवी, यावरून त्याला खुनी ठरवायला हवं असं निघत नाही.

धनश्री

मी अमेरिकेत एका पाळणाघरात बारा वर्षं मुलं सांभाळते आहे. आमच्याकडे नियम आहे: मूल ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत आलं नाही आणि घरून निरोप नसला, तर आईला फोन, आईने उचलला नाही तर बापाला, मग यादीतल्या तिसऱ्या माणसाला. कुणीतरी उचलेपर्यंत. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा 'अगं, सर्दी झालीय, सांगायचं राहिलं' हेच ऐकू येतं. काही पालक चिडतातही. एकदा एक बाप फोनवर बोलता बोलता एकदम गप्प झाला, मग पावलं धावल्याचा आवाज आला. मूल घामाने निथळत होतं, पण जागं होतं. तो माणूस आजही मला रस्त्यात भेटला की बोलू शकत नाही, नुसते हात जोडतो. त्याला तुरुंगात टाकायचं होतं का? माझ्या फोनला वीस मिनिटं उशीर झाला असता तर टाकायचं होतं का? तो माणूस दोन्ही वेळा तोच असता.

इटलीत चार वर्षांखालच्या मुलांच्या खुर्चीला इशारा देणारं उपकरण २०१९ पासून सक्तीचं आहे. अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने नव्या गाड्यांत मागच्या सीटची आठवण करून देणाऱ्या यंत्रणेचा नियम करायला सांगितलं, त्यासाठी दिलेली दोन वर्षांची मुदत नियमाशिवायच उलटली. त्यातही आता मिळणाऱ्या बऱ्याच यंत्रणा एवढंच बघतात की निघताना मागचं दार उघडलं होतं का. मूल आहे की नाही, ते त्यांना कळत नाही. खटल्यांवर जितकं बोलतो त्याच्या निम्मं तरी यावर बोला ना.

रानवारा

धनश्रीताई, पंधरा मिनिटांचा नियम कायद्यात यायला हवा, याला माझं पूर्ण अनुमोदन.

जॉर्जियाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, थोडं हललं आहे एवढंच. काल तो बल्बचा भाग मी परत वाचला. खून ठरवायला तेवढं पुरेसं नाही, हे सावनीताईंचं मान्य. पण 'निव्वळ भूल' म्हणून फाइल मिटवायलाही माझा हात धजत नाही. मी ज्यूरीत असतो तर त्या खोलीतून बाहेर पडणारा शेवटचा माणूस मी असतो.

अविनाश_क

कस्तुरीताई, एक विचारायचं होतं. त्या गुरुवारनंतर तुम्ही काय बदललंत?

कस्तुरी

पर्स मागच्या सीटवर ठेवायला लागले. सोबत डाव्या पायातला बूटही, म्हणजे उतरताना मागचं दार उघडावंच लागतं. मुलगी आता नऊ वर्षांची आहे, स्वतःचा पट्टा स्वतः सोडते. बूट अजून मागेच असतो.