मेम्ब्रेन आली म्हणून डिस्टिलेशन कॉलम जाणार, हे मला पटत नाही. तुमचं काय?

रिबॉयलर:
२०२५ च्या मे महिन्यात एमआयटीच्या झॅकरी स्मिथ यांच्या ग्रुपचा 'सायन्स'मधे पेपर आला, की क्रूडमधले (कच्च्या तेलातले) घटक उकळून वेगळे करण्याऐवजी मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पातळ पडद्यातून, गाळून वेगळे करता येतील. तेव्हापासून प्लांटवरच्या नवीन पोरांपासून ते आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे एकच चाललंय, आता डिस्टिलेशन कॉलमचे, म्हणजे उकळून वेगळं करणाऱ्या उंच टॉवरचे, दिवस भरले. मी २३ वर्षं सॉल्व्हंट रिकव्हरीत (वापरलेलं द्रावक शुद्ध करून परत मिळवण्याच्या कामात) काढलीत आणि मला हे पटत नाही.

आधी एक सांगतो, पेपर चांगला आहे, मी पूर्ण वाचलाय. आरओची मेम्ब्रेन ज्या पद्धतीने बनते, म्हणजे पाणी आणि तेल यांच्या सीमेवर पॉलिमरचा पातळ थर धरवायचा, तीच पद्धत घेतली आणि अमाइड बंधाच्या जागी इमाइन बंध आणला, त्यामुळे तेलात ती फुगत नाही. टोल्युइन आणि एका जाड्या रेणूच्या मिश्रणात टोल्युइन २० पट वाढवून दाखवलं. नंतर नॅफ्था, केरोसीन, डिझेल एकत्र करून तेही गाळलं. पण क्रूड म्हणजे एवढंच नसतं ना, त्यात ॲस्फाल्टीन (डांबरासारखे जड रेणू) असतात, मीठ असतं, गंधक असतं, आणि रिफायनरीत ते वर्षानुवर्षं न थांबता चालवायचं असतं.

माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी वेगळं करायचं असतं. साधारण ८८ टक्क्यांना ॲझिओट्रोप होतो, म्हणजे त्यापुढे कितीही उकळा, वाफेत तेवढंच पाणी येतं, कॉलम तिथे अडकतो. म्हणून आम्ही सायक्लोहेक्झेन टाकून तोडतो. काही वर्षांपूर्वी एका सप्लायरने परव्हेपोरेशनची स्किड (मेम्ब्रेनमधून पाणी वाफेच्या रूपात ओढणारं तयार युनिट) आणून लावली, पीव्हीए या पॉलिमरची मेम्ब्रेन. पहिले दीड महिना इतकं सुंदर चाललं की मी स्वतः मॅनेजमेंटला प्रेझेंटेशन दिलं. मग एका बॅचच्या मदर लिकरमधून (माल काढून उरलेल्या द्रावातून) थोडं डीएमएफ हे सॉल्व्हंट आलं, थोडं ॲसेटिक ॲसिड आलं आणि परमिएटमधे (मेम्ब्रेनमधून पार झालेल्या भागात) आयपीए दिसायला लागला, जिथे फक्त पाणी यायला पाहिजे तिथे. मेम्ब्रेन फुगली होती. मॉड्युल बदललं, पुन्हा तेच. शेवटी स्किड शेडमधे गेली आणि आम्ही परत सायक्लोहेक्झेनवर आलो. कॉलमला असला फीड (आत सोडायचं मिश्रण) दिला तर तो फार तर थोडा कमी शुद्ध माल देतो, रिफ्लक्स (वरून परत सोडलेला द्रव) वाढवला की सावरतो, मेम्ब्रेन मात्र सावरत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, खऱ्या फीडवर हजार तास चालवल्याशिवाय कुणी "डिस्टिलेशनला पर्याय" हे शब्द वापरू नयेत.

पातळ_थर:
सर, मी पुण्यात एमएस्सी करून आता नेदरलँड्समधे मेम्ब्रेनवरच काम करतेय, त्यामुळे माझी बाजू उघड आहे. तुमचा अनुभव खरा आहे पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतोय असं मला वाटतं. पीव्हीए आम्ल आणि डीएमएफसमोर टिकत नाही हे आमच्या क्षेत्रात कधीपासून माहीत आहे, म्हणजे तुम्हाला चुकीची मेम्ब्रेन विकली गेली. काचेची बाटली पडून फुटली म्हणून बाटल्या बंद करून परत मडकी वापरायची का?

आणि हजार तासांचं म्हणाल तर इथे ईसीएन ही ऊर्जा संशोधन संस्था आणि ट्वेंटे विद्यापीठाच्या लोकांनी सिलिकाच्या जाळ्यात सेंद्रिय दुवे घालून मेम्ब्रेन केली, तिला हायब्रिड सिलिका म्हणतात, ती ब्युटानॉलमधलं पाणी काढायला १५० अंशांवर वर्षाहून जास्त काळ चालवली. साधी सिलिका त्या पाण्यात काही दिवसांत विरघळते. हे काम २००८ च्या आसपासचं आहे, आजचं नाही.

आता ऊर्जेचं. २०१६ मधे शॉल आणि लाइव्हली यांनी 'नेचर'मधे हिशोब मांडला होता, अमेरिकेतल्या उद्योगांची जवळपास निम्मी ऊर्जा वेगळं करण्यात जाते आणि त्यातली साधारण निम्मी डिस्टिलेशनमधे. एकटं क्रूड वेगळं करायला जगभरात २३० गिगावॅट लागतात असं त्यांनी लिहिलंय. प्रोपिलीन आणि प्रोपेन घ्या, उकळण्याचे बिंदू उणे ४७ आणि उणे ४२, पाच अंशांच्या फरकासाठी शंभरहून जास्त ट्रे (आतले मजले) असलेला उंचच उंच कॉलम बांधतो आपण. हे बघून काही करावंसं वाटणार नाही का कुणाला?

साखरपट्टा:
दोघांचं वाचलं. मी सांगलीकडे एका कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे, सोपं बोलतो. आमच्याकडे रेक्टिफाइड स्पिरिट ९५ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं, पुढचं पाणी काढायला पूर्वी बेंझिन नाहीतर सायक्लोहेक्झेन टाकायचे, त्याचा वास अजून आठवतो जुन्या लोकांना. आता सगळीकडे मॉलिक्युलर सिव्ह, ३ए झिओलाइटचे (सूक्ष्म छिद्रांच्या खनिजाचे) मणी. छिद्र ३ अँगस्ट्रॉमचं, पाणी आत शिरतं, इथेनॉल शिरत नाही. दोन बेड, एक चालू असताना दुसरा सुकवायचा. म्हणजे तुम्ही दोघं भांडताय कॉलम की मेम्ब्रेन यावर, आणि मधल्या मधे जिंकला झिओलाइट, जो कॉलमही नाही आणि मेम्ब्रेनही नाही. पण कॉलम गेला नाही हं, बिअर कॉलम (आंबवलेल्या द्रावातून अल्कोहोल काढणारा) आणि रेक्टिफायर (ते आणखी शुद्ध करणारा) दोन्ही आहेत, फक्त शेवटचे चार-पाच टक्के सिव्हने घेतले.

आणि २०२१ च्या एप्रिलमधे ऑक्सिजनची बोंब होती तेव्हा आयआयटी मुंबईच्या मिलिंद अत्रे यांनी नायट्रोजनचा पीएसए (दाब वर-खाली करून वायू वेगळे करणारा) प्लांट ऑक्सिजनकडे वळवून दाखवला, आतलं कार्बनचं सिव्ह काढून झिओलाइट घातलं आणि ९३ ते ९६ टक्के ऑक्सिजन मिळाला. टाकी तीच, कॉम्प्रेसर तोच. मला तर संशोधन म्हणजे हे वाटतं.

रिबॉयलर:
साखरपट्टा भाऊ, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे असं धरतो 🙂 शेवटच्या टप्प्यावर दुसरं काही लावा, मला हरकत नाहीच.

ताई, मडक्याचं उदाहरण मान्य नाही पण हायब्रिड सिलिकाचं मान्य, ते मला माहीत नव्हतं, वाचतो. आता तुमच्या २३० गिगावॅटवर बोलतो. हे आकडे आपण मेम्ब्रेनच्या बाजूने वापरतो तेव्हा समोर कुठला कॉलम उभा करतो? बहुतेक वेळा उघडाबोडका, रिबॉयलरला (खालच्या हीटरला) ताजी वाफ, कंडेन्सरला (वरच्या कूलरला) पाणी, मधली उष्णता हवेत. असा कॉलम चांगल्या प्लांटवर कोण चालवतं? वरची वाफ कॉम्प्रेस करून खालीच वापरता येते, दोन कॉलम एकमेकांना जोडता येतात. पर्ड्यू विद्यापीठाचे राकेश अग्रवाल हे कितीतरी वर्षं सांगतायत, त्यांनी २०२० मधे डिस्टिलेशनबद्दलच्या गैरसमजांवर पेपरच लिहिला. शिवाय आमची वाफ बरीचशी दुसऱ्या कुठल्या तरी कामातून उरलेली असते, आणि मेम्ब्रेनला लागते वीज, पंपाला, व्हॅक्यूमला, गॅस असेल तर कॉम्प्रेसरला. वीज आणि उरलेली वाफ एका तराजूत कशी तोलता?

पातळ_थर:
हो, हा मुद्दा मी मान्य करते आणि आमच्या क्षेत्रात तो नीट बोलला जात नाही हेही मान्य. पण तो उलटाही लागू होतो ना सर. वाफ कॉम्प्रेस करायची म्हटली की तिथेही वीजच आली. आणि उरलेली वाफ "फुकट" आहे ती आज बॉयलर कोळशावर किंवा गॅसवर आहे म्हणून, उद्या बॉयलर गेला तर?

आरओकडे बघा. १९६० च्या सुमारास लोब आणि सौरीराजन यांनी यूसीएलएमधे पहिली खरी उपयोगी मेम्ब्रेन केली, सौरीराजन मूळचे भारतातले. तेव्हा समुद्राचं पाणी उकळून गोडं करणं हीच रीत होती आणि त्या काळात तुमच्यासारखेच अनुभवी लोक म्हणत असणार की मेम्ब्रेन खाऱ्या पाण्यात टिकणार नाही. आज चांगला आरओ प्लांट घनमीटरला ३ ते ४ युनिट विजेत चालतो, आणि ५० टक्के पाणी काढायचं तर निसर्गाच्या नियमाने कमीत कमी एक युनिट लागणारच. म्हणजे तळाच्या तीन-चार पटींपर्यंत आलोय. ही सगळी मजल एका माणसाच्या आयुष्यात झाली.

उत्प्रेरक_मन:
मी कॅटॅलिसिसवाला, उशिरा येतोय. तुम्ही दोघंही रिॲक्टरच्या बाहेर उभं राहून भांडताय. मिश्रण तयारच कमी झालं तर वेगळं काय करायचं? नको ते पदार्थ कॅटॅलिस्ट बनवतो म्हणून तुमचे कॉलम आणि मेम्ब्रेन दोन्ही लागतात. पैसा घालायचा तर कॅटॅलिस्टच्या सिलेक्टिव्हिटीत (हवा तोच पदार्थ बनवण्यात) घाला.

मला गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात आवडलेलं काम सांगतो, त्यात दोन्ही एकत्र आहेत. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेनॉल करायचं, तांबं-जस्त-ॲल्युमिनाचा नेहमीचा कॅटॅलिस्ट. अडचण अशी की प्रत्येक मिथेनॉलबरोबर पाण्याचा एक रेणू तयार होतो आणि समतोलामुळे रिॲक्शन अर्ध्यात थांबते, वर ते पाणी कॅटॅलिस्टलाही खराब करतं. मियाव यू यांच्या ग्रुपने २०२० मधे 'सायन्स'मधे दाखवलं की रिॲक्टरमधेच झिओलाइटची मेम्ब्रेन बसवायची, ती पाणी बाहेर ओढते पण हायड्रोजनला जवळपास अडवते, आणि तेही २०० अंशांच्या वर. पाणी निघून गेलं की रिॲक्शन पुढे सरकते. आणि साखरपट्टा, ते झिओलाइट कोणतं माहितीये का? तुमच्याच डिस्टिलरीतल्या ३ए चं भावंड, जाळी तीच, फक्त तुमच्याकडे पोटॅशियम आणि इथे सोडियम.

२०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल एमओएफला (धातू आणि सेंद्रिय दुव्यांच्या सच्छिद्र जाळ्यांना) मिळालं, कितागावा, रॉबसन आणि याघी यांना. लोकांनी दुष्काळी भागात हवेतून पाणी वगैरे तेवढंच वाचलं. पण शिमिझूंच्या कॅलगरीच्या ग्रुपचं कॅल्फ-२० बघा, जस्ताचं एमओएफ, ओलसर धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडतं, सिमेंट प्लांटच्या धुरावर लावून बघितलंय, आणि बीएएसएफ ते टनांत बनवते. रिबॉयलर काकांची "खऱ्या फीडवर" ही अट तिथे पाळली गेली.

साखरपट्टा:
भावंड हे वाचून बरं वाटलं. उद्या शिफ्टला पोरांना सांगतो, बेडमधे काय भरलंय त्याची किंमत कळू दे त्यांना.

रिबॉयलर:
उत्प्रेरक, मिथेनॉलचं उदाहरण जोरदार आहे. फक्त एक शंका, मेम्ब्रेनला एक भेग पडली तर तुमचा हायड्रोजन पाण्याबरोबर बाहेर, आणि ती भेग रिॲक्टर न उघडता कशी शोधायची? कॉलमचा एक ट्रे खराब झाला तरी बाकीचे काम करतात.

उत्प्रेरक_मन:
सिरॅमिकच्या नळ्या असतील तर गटागटाने वेगळ्या बंद करता येतील असं डिझाइन लागेल. पण बरोबर आहे, मोठ्या क्षेत्रफळावर एकही भेग नसलेली झिओलाइट मेम्ब्रेन बनवणं हेच अजून महाग आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

तिसरं_वर्ष:
नमस्कार, मी केमिकल इंजिनिअरिंगला तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मेम्ब्रेन घ्यायची होती, पण आमचे सर म्हणतात फ्लक्स (मेम्ब्रेनमधून पार होण्याचा वेग) वाढवून दाखवा, पेपर होईल. हे सगळं वाचून आता तसं करावं का कळत नाहीये.

पातळ_थर:
नुसता फ्लक्स नको. मेम्ब्रेन संशोधक एलिमेलेक यांच्या ग्रुपने २०१६ मधेच लिहिलं की पाण्याच्या मेम्ब्रेनमधे आता जास्त पाणी सोडण्यापेक्षा नको ते अडवण्याची गरज मोठी आहे, कारण पाणी कितीही सहज गेलं तरी वर सांगितलेला एक युनिटचा तळ हलत नाही. त्यापेक्षा एक साधी मेम्ब्रेन घे, विकतची चालेल, आणि तिला मुद्दाम घाणेरडा फीड दे. थोडं ॲसिड, थोडं डीएमएफ. आठवड्याआठवड्याने मोज, फुगते किती, सिलेक्टिव्हिटी (नको ते अडवण्याची ताकद) पडते कधी. चमकदार नाही, पण सरांना रिबॉयलर सरांचा आयपीए दाखव, पटेल.

रिबॉयलर:
हे मी पहिल्यांदाच कुणा मेम्ब्रेनवाल्याच्या तोंडून ऐकतोय आणि मनापासून आनंद झाला. पोरा, घे हाच विषय. आमचं मदर लिकर कंपनीबाहेर देता येणार नाही, पण त्यात काय किती असतं त्याची रेंज मी देऊ शकतो, त्यावरून तू लॅबमधे तसंच मिश्रण बनव.

ताई, आणि तुमच्या हायब्रिड सिलिकावर याच मिश्रणाची एक टेस्ट कुणी करेल का तिकडे? दीड महिना नको, सहा महिने. टिकली तर शेडमधली ती स्किड मी स्वतः बाहेर काढतो, पंप आणि व्हॅक्यूम सिस्टिम अजून चांगली आहे, फक्त मॉड्युल बदलावं लागेल. कॉलम मात्र राहणार, सुरुवातीचं पाणी त्यानेच काढायचं.

पातळ_थर:
कॉलम राहू दे, त्यावर माझं भांडण नाही. सहा महिन्यांचं लॅबमधे विचारते, सहज मिळत नाही पण विचारते. रेंज पाठवताना डीएमएफ आणि ॲसेटिक ॲसिड दोन्हीचा जास्तीत जास्त आकडा द्या, सरासरी नको, आणि फीडचं तापमानही. मेम्ब्रेन मोडते ती त्या एका वाईट बॅचला.

रिबॉयलर:
सोमवारी जीसीचे (गॅस क्रोमॅटोग्राफीच्या तपासणीचे) जुने रिपोर्ट काढतो. ती वाईट बॅच मला अजून आठवते, तिचाच आकडा देतो.