‘बिटरेट’ला मराठीत काय म्हणावं? बिटदर की बिटवेग?

आईबाबांच्या लग्नाची डीव्हीडी एमपीफोर करतोय, सोबत घरच्यांसाठी एक मराठी टिपण लिहून ठेवायचंय. ‘बिटवेग’ लिहिलं तर ताई म्हणाली, वेग वाढवला की व्हिडिओ पळणार का? मग काय लिहू?

— ताईचं बरोबर आहे, वेग नकोच. सेकंदाला 25 फ्रेम यायच्या त्या येतातच, बिटरेट फक्त एवढंच सांगतो की त्या एका सेकंदासाठी किती बिट, म्हणजे माहितीचे छोट्यात छोटे तुकडे, खर्च करायचे. ‘बिटदर’ लिहा, जन्मदर व्याजदर आहेतच की, शिवाय ‘दर’ म्हणजे प्रत्येक पण, दरमहा, दर सेकंदाला, म्हणजे अर्थ शब्दातच आला.

— बिटदर चांगलाय, पण दर म्हणजे भाव पण ना, आणि मग डोक्यात बसतं की जास्त दर म्हणजे चांगला माल. मी हेच केलं होतं. 100 मिनिटांची डीव्हीडी, दर सेकंदाला साधारण 5 मेगाबिटची, ती 10 वर टाकली, फाइल पावणेचार जीबीची साडेसात झाली आणि चित्र होतं तस्संच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! उलट डीव्हीडी एमपेग-2 या जुन्या कोडेकमध्ये असते (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), नंतर आलेल्या एच.264 ला तेवढ्याच चित्राला बरेच कमी बिट लागतात, साधारण 2 ते अडीच मेगाबिटमध्ये काम होतं. दोन वेगळ्या कोडेकचे बिटदर शेजारी ठेवून तुलना करायचीच नाही.

— आणि ‘एमबी’ लिहू नका हो! इंग्रजीत लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट, आपल्या लिपीत लहानमोठं अक्षरच नाही, दोन्ही ‘बी’च, आणि फरक आठपटीचा. मेगाबिट, मेगाबाइट असं पूर्ण लिहा.

— एकच आकडा ठरवायचा कशाला पण? भटजी बसून मंत्र म्हणतायत तिथे चित्र हलतच नाही, थोडे बिट पुरतात. अक्षता पडायला लागल्या की दर फ्रेम वेगळी, तिथे बिट कमी पडले की चेहऱ्यांवर चौकोन चौकोन दिसतात. म्हणून बिटदर ठरवण्याऐवजी दर्जा ठरवा, त्याला सीआरएफ म्हणतात, एक्स264 मध्ये (एच.264 व्हिडिओ बनवणारं सॉफ्टवेअर) न सांगता 23 असतो, आकडा कमी तेवढं चित्र चांगलं. मग जिथे जेवढे लागतील तेवढे बिट ते स्वतःच देतं. लग्नाला मी 18-20 ठेवतो. आणि मूळ डीव्हीडी टाकू नका, दर कन्व्हर्टला काहीतरी गळतंच.

— 23 वर आणि 19 वर फक्त मंगलाष्टकांचा एक मिनिट काढून बघितला. 19 ला अक्षतांचा दाणा न् दाणा वेगळा दिसतोय, आजीच्या नथीवरचे चौकोन पण गेले. टिपणात ‘बिटदर’च लिहिलंय.