पाच वेळची नमाज आणि आजची नोकरी: समतोल साधतो की ताण वाढतो?

खाडीकाठ: 'काम आणि घर यांचा मेळ कसा घालायचा' यावर हल्ली ऑफिसात शिबिरं होतात. माझं म्हणणं असं की इस्लामने हा मेळ दिवसाच्या बांधणीतच बसवला आहे. पहाटेची फजर, दुपारची जुहर, दुपार कलल्यावरची असर, सूर्यास्तानंतरची मगरिब, रात्रीची इशा. मी नवी मुंबईत हिशेबाचं काम करतो. मार्चअखेरीला जुहरसाठी खुर्चीतून उठणं जिवावर येतं, तरी उठतो. वजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं) आणि नमाज मिळून पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात साहेबापेक्षा, टार्गेटपेक्षा मोठ्या कुणाला तरी आपण जाब देणं लागतो, याची आठवण होते. जगण्याचा हेतू मला तिथे सापडतो.

यात संन्यास नाही. कुरआनच्या सूरह जुमामध्ये (६२:९-१०) म्हटलंय की शुक्रवारची अजान झाली की खरेदी-विक्री सोडा, आणि नमाज झाली की पांगा, अल्लाहची कृपा शोधा. म्हणजे पुन्हा कामाला लागा.

सहीह बुखारी या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या नोंदींच्या, संग्रहात एक प्रसंग आहे. पैगंबरांचे सोबती अबू दर्दा दिवसा रोजे धरत, रात्री नमाजात उभे राहत. पत्नीकडे लक्षच नव्हतं. दुसरे सोबती सलमान फारसींनी त्यांना रोजा सोडून जेवायला लावलं, रात्री झोपायला लावलं आणि सांगितलं: तुझ्यावर तुझ्या रबचा (पालनकर्त्याचा) हक्क आहे, तुझ्या जिवाचा आहे, घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याला दे. पैगंबर (स.) म्हणाले, सलमान खरं बोलले.

विवेकवाट: प्रसंग सुंदर आहे, पण थोडं थांबायला आणि घरच्यांकडे बघायला देव मध्ये कशाला हवा? समाजसुधारक हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं केलं. पंचेचाळिशीत गेलेल्या या माणसाच्या आयुष्याला हेतू नव्हता, असं कोण म्हणेल? तो समतेतून आला होता, नमाजेतून नव्हे.

तिसरी_पाळी: सलाम. खाडीकाठभाई, तुमचा समतोल टेबलखुर्चीवाल्यांचा आहे. मी कारखान्यात लाइनवर असतो. मशीन थांबत नाही, बदली माणूस मिळेपर्यंत मगरिबची वेळ निघून जाते. ती वेळ असतेही थोडीच. तुम्ही कोकणातले शाफई पंथाचे, प्रवासात जुहर-असर एकत्र पढता. आम्हा हनफी पंथाच्यांना ती मुभा नाही. मग घरी येऊन कजा (वेळ चुकलेली नमाज) पढतो, आणि मन दिवसभर खात राहतं. नमाज सोडायची नाही मला. पण 'सगळं बांधणीतच आहे' म्हणू नका. पाळीचं वेळापत्रक मालकाच्या हातात आहे.

पहाटवारा: मी नर्स आहे. रमजानमध्ये सहरीच्या (रोज्याआधी पहाटे खाण्याच्या) स्वयंपाकाला घरात सगळ्यात आधी कोण उठतं? ड्यूटीवरून येऊन इफ्तारची भजी कोण तळतं? पुरुष तरावीहला (रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजेला) मशिदीत जातात, तेव्हा ओट्यापाशी भांडी माझी वाट बघत असतात. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत बायकांना जागाच नाही. रोजे मलाही प्रिय आहेत. मन स्वच्छ होतं त्या महिन्यात. पण इबादतीला (उपासनेला) लागणारी सवड कुणाच्या श्रमातून निघते, तेही बोला. बुखारीतच हजरत आयेशांची हदीस आहे: पैगंबर (स.) घरी असले की घरच्यांच्या कामात असत, नमाजची वेळ झाली की जात. ती हदीस जुम्याच्या बयानात (शुक्रवारच्या प्रवचनात) मी फारशी ऐकलेली नाही.

खाडीकाठ: आपा, अबू दर्दांच्या पत्नीची तक्रारही दुर्लक्षाचीच होती, आणि सलमानांनी ती धर्माचाच भाग मानली. पुरुषाने सहरीची भांडी घासणं म्हणजे घरच्यांचा हक्क देणंच आहे. तिसरी_पाळी, दहा मिनिटांची सुटी युनियनने मागायला हवी. चहाची सुटी मिळते तशी.

विवेकवाट, दलवाईंचं काम मी नाकारत नाही. पण मला जाब देण्याची जाणीव लागते. वर्षभर टिकलेली बचत निसाबच्या (ठरलेल्या किमान मर्यादेच्या) वर गेली की तिचे अडीच टक्के जकात. मन झालं तर दिलं, असं नाही. तो पैसा गरिबाच्या हक्काचा.

विवेकवाट: अडीच टक्क्यांची शिस्त मला मान्य आहे. पण आपांचं दुःख हदीस सापडल्यामुळे खरं ठरत नाही. ती हदीस नसती, तरी भांडी दोघांनीच घासायला हवी होती.

पहाटवारा: हो, हवी होती. पण माझ्या सासऱ्यांना समता शब्द पटत नाही, हदीस पटते. या रमजानपासून ते सहरीचा चहा स्वतः करतात.